चेहरे दिसावेत म्हणून : हौशी छायाचित्रकाराने बाहेरचा फ्लॅश कसा निवडावा

या स्मरणिकेसाठी शाळेच्या कार्यालयातील छायाचित्रांचे गठ्ठे आम्ही गेल्या दिवाळीच्या सुट्टीत उघडून बसलो. दिवसा घेतलेली चित्रे बहुतेक चांगली निघाली. क्रीडादिन, वृक्षारोपण, श्रामणेर शिबिराची पहाट या सर्वांत माणसे ओळखू येतात; मागे माणच्या शिवारातील भातखाचरेही स्वच्छ दिसतात. त्या खाचरांच्या जागी आज हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा आणि मेट्रोचा डेपो आहे, त्यामुळे ही चित्रे आता इतिहासाची साधने झाली आहेत. परंतु सायंकाळच्या कार्यक्रमांची चित्रे पाहताना मन खिन्न झाले. बुद्धपौर्णिमेची वंदना, १४ एप्रिलची सभा, स्नेहसंमेलन, निरोपसमारंभ. सगळीकडे तीच अवस्था. पुढच्या रांगेतील पांढऱ्या साड्या भगभगीत पांढऱ्या, त्यांच्यावरचे चेहरे काळोखात, आणि तिसऱ्या रांगेपासून पुढे नुसता अंधार.

त्याच सुमारास एक माजी विद्यार्थी आपल्या दिवंगत आईचे छायाचित्र मिळते का, हे विचारण्यासाठी आला. पहिल्या काही वर्षांत बुद्धपौर्णिमेच्या खिरीचा स्वयंपाक करणाऱ्या मातांपैकी त्या एक होत्या. त्या रात्रीचे एकच चित्र आमच्याजवळ होते. त्याने ते बराच वेळ उजेडाकडे धरून पाहिले आणि बसण्याच्या पद्धतीवरून व हातातील बांगड्यांवरून आई ओळखली. चेहरा त्या चित्रात नव्हताच. तो कॅमेरा आमच्याच हातात होता, हे सांगितले पाहिजे.

जाताना, चाकणच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट विचारली. "सर, मी हप्त्यावर कॅमेरा घेतला आहे. त्याला फ्लॅश कोणता घेऊ? फार महाग परवडणार नाही." आम्ही इतिहासाचे शिक्षक, तंत्रज्ञ नव्हे, पण शाळेच्या कार्यक्रमांची छायाचित्रे काढण्यात अनेक वर्षे गेली आहेत, आणि चुकीचा फ्लॅश विकत घेऊन आम्ही पैसेही गमावले आहेत. तेव्हा त्याला दिलेले उत्तरच येथे थोडे विस्ताराने मांडत आहोत.

प्रथम कॅमेऱ्याच्या अंगच्याच छोट्या फ्लॅशविषयी. फ्लॅशचा जोर 'गाइड नंबर' नावाच्या आकड्याने सांगतात. हा आकडा म्हणजे फ्लॅशपासूनचे मीटरमधील अंतर आणि लेन्सच्या छिद्राचा एफ-क्रमांक यांचा गुणाकार. आयएसओ १०० धरून. कॅननच्या १५००डी या आपल्याकडे पुष्कळांनी घेतलेल्या कॅमेऱ्याच्या अंगच्या फ्लॅशचा हा आकडा ९.२ आहे. सोबत मिळणाऱ्या १८-५५ लेन्सने थोडे जवळ ओढून पाहिले की छिद्र एफ ५.६ वर येते. आता ९.२ ला ५.६ ने भागा. उत्तर येते सुमारे १.६ मीटर. म्हणजे समोर हात लांब करून उभ्या असलेल्या माणसापर्यंत प्रकाश पोहोचतो, सभागृहाच्या व्यासपीठापर्यंत नाही. आयएसओ १६०० केला तर हे अंतर चौपट होते, पण चित्रात दाणे दिसू लागतात. शिवाय तो फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असल्यामुळे डोळे लाल येतात आणि चेहरा सपाट भासतो.

बाहेरच्या फ्लॅशच्या खोक्यावर ५८, ६० असे मोठे आकडे छापलेले असतात. त्यांना भुलू नये. ते आकडे बहुधा फ्लॅशचे डोके पूर्ण झूम केले असतानाचे, म्हणजे १०५ किंवा २०० मि.मी. लेन्ससाठी प्रकाशाचा झोत अरुंद केलेला असतानाचे असतात. १०५ मि.मी.ला ५८ असणारा फ्लॅश ३५ मि.मी.ला ३६ च्या आसपास उतरतो, आणि आपण समूहाची चित्रे काढतो ती याच रुंद झोतात. दोन फ्लॅशची तुलना करायची तर दोन्हींचा ३५ मि.मी.चा आकडा पाहावा. तरीही ३६ हा आकडा लहान नव्हे. तो ९.२ च्या जवळजवळ चौपट आहे, आणि प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होत असल्यामुळे चौपट आकडा म्हणजे सोळापट प्रकाश. आयएसओ ४०० वर एफ ५.६ ठेवून असा फ्लॅश सरळ मारला तर तो बारा मीटरच्या पुढे जातो. आपल्या सभागृहाला इतके पुरते.

परंतु केवळ जोर वाढवून आमचा प्रश्न सुटला नाही. मोठा फ्लॅश आणूनही पांढऱ्या साड्यांवरील चेहरे काळेच येत राहिले. याचे कारण कळायला आम्हांला फार उशीर लागला.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचा प्रत्येक देखावा सरासरीने मध्यम करड्या रंगाचा आहे असे धरून चालतो. छायाचित्रणाच्या पुस्तकांत त्याला अठरा टक्के करडा म्हणतात. आपल्या वंदनेला उपासक-उपासिका पांढरी वस्त्रे नेसून बसतात. कॅमेऱ्याला समोर पांढरेच पांढरे दिसते, प्रकाश फार झाला असे त्याला वाटते आणि तो फ्लॅशचा जोर कमी करतो. साडी करडी होते. आणि मुळात सावळा असलेला चेहरा अंधारात जातो. सावळ्या माणसाने पांढरे कपडे घालणे हा जणू यंत्राच्या दृष्टीने अपवाद, आणि आपल्याकडे तर तो नित्याचा प्रसंग.

येथे इतिहासाच्या शिक्षकाला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुनाचित्र पाठवीत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचे चित्र असे आणि त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या स्त्रीची त्वचा नीट उमटली की छपाई बरोबर झाली, असे समजले जाई. काळ्या-सावळ्या त्वचेचे बारकावे त्या मापात बसत नव्हते. पुढे तक्रारी वाढल्या. त्यांत गडद रंगाचे चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्या उत्पादकांच्याही होत्या, हे विशेष. आजचे डिजिटल कॅमेरे त्या फिल्मपेक्षा कितीतरी उदार आहेत, हे मान्य करायला हवे. पण मापकाचे गणित सरासरीचेच राहिले आहे, आणि ते ओळखून फ्लॅश निवडला तर पैसेही वाचतात. कसे ते पाहू.

बाजारातील फ्लॅशचे ढोबळ दोन वर्ग पडतात. पहिला टीटीएल फ्लॅश. हा खऱ्या चमकेपूर्वी एक बारीक चमक सोडतो, कॅमेरा लेन्समधून परत आलेला प्रकाश मोजतो आणि मग जोर ठरवतो. दुसरा मॅन्युअल. त्याचा जोर आपण स्वतः पूर्ण, अर्धा, पाव, एक-अष्टमांश असा ठरवायचा. दुकानदार पहिल्याची शिफारस करतात, आणि तो जवळजवळ दुप्पट किंमतीचा असतो. नवशिक्याला वाटते की आपोआप मोजणारा तोच आपल्याला सोपा. आमचा अनुभव उलटा आहे. वंदनेला, सभेला, व्यासपीठावरील सत्काराला माणसे एका जागी असतात आणि आपणही एका जागी उभे राहू शकतो. अशा वेळी सुरुवातीला आयएसओ ४०० किंवा ८००, छिद्र एफ ५.६, शटर १/१२५ आणि फ्लॅश पाव जोरावर ठेवून एक चित्र घ्यावे. पडद्यावर साडी पाहू नये, चेहरा पाहावा. तो काळा असेल तर जोर एक पायरी वाढवावा. एकदा चेहरा बरोबर आला की सगळी संध्याकाळ पुन्हा हात लावावा लागत नाही. समोर पांढरी साडी येवो, काळा कोट येवो किंवा भन्तेंचे चीवर येवो, मॅन्युअल फ्लॅशला कपड्यांचा रंग कळतच नाही. तो अंतर न बदलता तेवढाच प्रकाश टाकतो. म्हणजे आपल्या कार्यक्रमांसाठी स्वस्त वस्तूच अधिक योग्य ठरते.

टीटीएल निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत माणूस क्षणात दोन मीटरवर, क्षणात सात मीटरवर असतो. लग्नसमारंभातही तसेच. जो छंदाबरोबर चार पैसे मिळवण्यासाठी लग्नाची कामे घेणार असेल त्याने टीटीएलच घ्यावा. मात्र पांढऱ्या वस्त्रांसमोर फ्लॅशची भरपाई, म्हणजे फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, दोन-तृतीयांश ते एक पायरी अधिक ठेवायला शिकावे. ज्याला फक्त आपल्या घरचे, वस्तीतले, विहारातले प्रसंग टिपायचे आहेत त्याने मॅन्युअलवर समाधान मानावे.

दोन्हींपैकी काहीही घेतले तरी एका बाबतीत तडजोड नको. फ्लॅशचे डोके वर उचलता आणि बाजूला वळवता आले पाहिजे. नुसता समोर बघणारा फ्लॅश फुकट मिळाला तरी आम्ही घेणार नाही. डोके छताकडे वळवले की सगळे छतच प्रकाशाचे मोठे उगमस्थान होते; चेहऱ्यावर कपाळ चमकून गाल काळे पडत नाहीत, सावळ्या त्वचेचे उंचसखलपण मऊ उजेडात उलगडते, आणि मागच्या रांगेलाही वाटा मिळतो. यात प्रकाशाचा चौथा किंवा आठवाच हिस्सा उरतो, म्हणून तर जोरदार फ्लॅश लागतो.

मात्र छत पांढरे आणि आटोक्यातल्या उंचीवर हवे. आपल्या जुन्या सभागृहाला पत्र्याचे छप्पर होते; त्याकडे मारलेला प्रकाश परत आलाच नाही. मग आम्ही भिंतीकडे डोके वळवले. भिंती निळ्या! त्या वर्षीच्या निरोपसमारंभात दहावीची सगळी तुकडी निळसर आली, आणि मुलांनी त्यावरून आमची केलेली थट्टा अजून आठवते. निळा रंग आम्हांला कितीही प्रिय असला तरी तो भिंतीवरच राहावा, गालांवर येऊ नये. तेव्हापासून आम्ही डोके वर उचलून त्याच्या मागे पोस्टकार्डाएवढा पांढरा जाड कागद रबराने बांधतो. किंवा एखाद्या विद्यार्थ्याला बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून उभे करतो आणि डोके तिकडे वळवतो. दुकानात पांढऱ्या प्लॅस्टिकची टोपी मिळते, तिचे वेगळे पैसे देण्याची गरज नाही. उघड्या मैदानात ती टोपी लावणे म्हणजे प्रकाश आभाळाला वाटणे होय.

आता ज्या ठिकाणी आमचे पैसे बुडाले त्या जागेकडे वळू. कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅश सरकवण्याची खाच असते, तिला हॉट शू म्हणतात. त्या खाचेच्या मध्यभागी एक गोल धातूचा ठिपका असतो. शटर उघडले की त्यातून फ्लॅशला इशारा जातो. सगळे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश या एका ठिपक्यावर चालतात, म्हणून ते कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्यावर चालतात असे सांगितले जाते. पण कॅननने १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या नवशिक्यांसाठीच्या कॅमेऱ्यांवरून हा मधला ठिपकाच काढून टाकला आहे. तेथे साधा मॅन्युअल फ्लॅश घट्ट बसतो, दिवा लागतो, आणि चित्र घेताना चमकत नाही. आम्ही तो बिघडला समजून दुकानात परत नेला; दुकानदाराने स्वतःच्या कॅमेऱ्यावर चालवून दाखवला आणि पैसे परत करण्यास नकार दिला. तेव्हा काहीही विकत घेण्यापूर्वी आपल्या कॅमेऱ्याची खाच उजेडात पाहावी. मधला ठिपका नसेल तर कॅननचा स्वतःचा फ्लॅश किंवा त्या विशिष्ट कॅमेऱ्यावर आपल्यासमोर चालवून दाखवलेला टीटीएल फ्लॅश, एवढेच पर्याय उरतात.

ज्यांनी आधीच फसून घेतला आहे त्यांच्यासाठी एक वाट आहे. बहुतेक मॅन्युअल फ्लॅशवर एस१ आणि एस२ अशी कळ असते. या स्थितीत फ्लॅश दुसऱ्या फ्लॅशची चमक पाहून पेटतो. एस२ ही स्थिती मोजणीची पहिली बारीक चमक सोडून देते आणि खऱ्या चमकेला प्रतिसाद देते. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश उघडा ठेवावा, नवा फ्लॅश एस२ वर ठेवून बाजूच्या कपाटावर छताकडे तोंड करून उभा करावा. आमचा 'बुडालेला' फ्लॅश आता असाच वापरात आहे, आणि खरे सांगायचे तर बाजूने आलेल्या त्या प्रकाशात चेहरे अधिक सुंदर दिसतात.

सोनीची खाच निराळी असते. २०१२ पासूनच्या बहुतेक सोनी कॅमेऱ्यांवर नवी रचना आहे आणि त्यापूर्वीच्या अल्फा कॅमेऱ्यांवर मिनोल्टाकडून आलेली. टीटीएल फ्लॅशच्या नावाशेवटी सी, एन, एस अशी अक्षरे असतात ती कॅनन, निकॉन, सोनी यांच्यासाठी. ते अक्षर चुकले तर मोजणी चालत नाही.

नावेच सांगायची तर गोडॉक्सचा टीटी६०० आणि याँगनुओचा वायएन५६० हे मॅन्युअल वर्गातले रुळलेले फ्लॅश आहेत. गोडॉक्सचा टीटी५२० त्याहून स्वस्त आहे. आपल्या देशात डिजिटेक आणि सिम्पेक्स या नावांनीही फ्लॅश विकले जातात. टीटीएलमध्ये गोडॉक्सचा टीटी६८५ पुष्कळांकडे दिसतो. मॅन्युअलसाठी ३ ते ६ हजार रुपये, बाहेरच्या कंपनीच्या टीटीएलसाठी ८ ते १२ हजार, असा ढोबळ अंदाज ठेवावा. कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या मोठ्या फ्लॅशची किंमत याच्या कितीतरी पट असते. ती छंदासाठी मोजू नये असे आमचे मत. त्यापेक्षा उरलेल्या पैशांतून चांगले सेल घ्यावेत.

सेलांविषयी लोक निष्काळजी असतात. भिंतीवरील घड्याळाचे साधे पेन्सिल सेल फ्लॅशला चालत नाहीत; चार-पाच चमकांत ते दम सोडतात. निकेल-मेटल-हायड्राइड जातीचे, २००० एमएएचच्या आसपासचे चार चार्जेबल सेल आणि आणखी चार राखीव, असे आठ घ्यावेत. त्यांवर १.२ व्होल्टच लिहिलेले असते म्हणून ते कमी दर्जाचे समजू नये. ते प्रवाह झपाट्याने देतात, त्यामुळे फ्लॅश लवकर पुन्हा तयार होतो. दुकानात पूर्ण जोरावर दहा वेळा लागोपाठ चमकवून पाहावे आणि प्रत्येक वेळी तयार होण्यास किती सेकंद लागतात ते मोजावे. डोके वळवताना कट् कट् असे घट्ट थांबे लागतात का आणि सेलचे झाकण नीट बसते का, तेही बघावे. लेझीमची चित्रे काढणाऱ्यांना हा वेळ फार जाणवतो, कारण फ्लॅश तयार होईपर्यंत डाव पुढे गेलेला असतो. लेझीमला पाव किंवा त्याहून कमी जोर ठेवावा. तो लवकर तयार होतो, आणि कमी जोराची चमक क्षणाच्या अगदी लहान अंशात संपत असल्याने हालचालही गोठते. शटर मात्र १/२०० च्या वर नेऊ नये, नाहीतर चित्राच्या एका बाजूस काळा पट्टा येतो. हाय-स्पीड सिंकची सोय असलेले फ्लॅश हा पट्टा टाळतात. रात्रीच्या सभागृहात तिची गरज नाही.

जुन्या बाजारातला फिल्मच्या काळचा फ्लॅश घेण्याचा मोह होतो. सावध राहावे. विवितारच्या २८३ सारख्या नामांकित फ्लॅशच्या सुरुवातीच्या नगांतही खाचेच्या ठिपक्यावर दोनशे व्होल्टच्या वर दाब येत असे. तेव्हाच्या यांत्रिक कॅमेऱ्यांना त्याचे काही वाटत नसे. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याचे मंडळ त्याने जळू शकते. आणि वसतिगृहातील आमच्या जिज्ञासू विद्यार्थ्यांसाठी : बिघडलेला फ्लॅश पेचकसने उघडू नये. सेल काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टपर्यंतचा दाब बराच वेळ साठून राहतो.

फ्लॅश हाती आला की तो कोठे वापरू नये हेही कळायला हवे. अजिंठ्याच्या चित्रांसमोर तर त्यास मनाईच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात फ्लॅशचा उजेड खोलवर पोहोचत नाही. तेथे कॅमेरा स्थिर ठेवून लांब वेळ उघडावा. देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती प्रतिष्ठापित केली. त्या वर्धापनदिनाला आपल्यापैकी पुष्कळजण जातात. कोणत्याही विहारात मूर्तीवर सरळ फ्लॅश मारला की तुकतुकीत पृष्ठभागावर पांढरा डाग तेवढा उमटतो. छताकडे मारलेला प्रकाश पुरतो. ध्यानाच्या वेळी तर तोही नको.

न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाचा बातमीदार होता. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची झटकन पेटणारी पूड निघाली, तिचा उपयोग करून त्याने गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांची चित्रे घेतली आणि १८९० मध्ये पुस्तक काढले. शहराला त्या खोल्या त्यामुळे दिसल्या, हे त्याचे श्रेय. पण तो रात्री न विचारता आत शिरत असे, तव्यात पूड पेटवीत असे आणि एकदोनदा त्याने घरालाच आग लावली. त्या चित्रांतील पुष्कळ चेहरे दचकलेले आहेत. आमच्या मुलांना आम्ही दोन्ही गोष्टी सांगतो, आणि वंदना सुरू होण्यापूर्वी पहिल्या रांगेतील मातांना विचारून मगच फ्लॅश चालू करायला लावतो. बहुतेक जणी पदर सारखा करून घेतात आणि हो म्हणतात.

माजी विद्यार्थी मेळाव्याच्या समूहचित्रासाठी एवढेच : सगळ्यांत पुढची रांग दोन मीटरवर आणि मागची चार मीटरवर असेल तर मागच्यांना पुढच्यांच्या चौथाईच प्रकाश मिळतो. कॅमेरा मागे न्यावा आणि फ्लॅश शिडीवर उंच धरावा. सहा मीटर आणि आठ मीटर असा फरक झाला की मागच्यांना निम्म्याहून अधिक मिळतो.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याच्या कॅमेऱ्याची खाच आम्ही पाहिली. मधला ठिपका होता. त्याने मॅन्युअल फ्लॅश आणि आठ सेल घेतले, आणि गेल्या बुद्धपौर्णिमेला खीर वाढणाऱ्या सगळ्या मातांची चित्रे काढून दिली. त्यांतील काही या अंकात आहेत. शाळेचा फ्लॅश कार्यालयातील दुसऱ्या कपाटात ठेवला आहे. ज्यांना घरच्या कार्याला हवा असेल त्यांनी नोंदवहीत सही करून न्यावा, आणि आणताना सेल चार्ज करून आणावेत.